एक बिघा, एक पांड, एक काठी



सुरतेतील मराठी कुटुंबांत अजून काही घरे अशी आहेत की जेथे घरातील वृद्ध स्त्री पैसे मोजताना किंवा पापड वाळत घालताना ‘एकसष्ट’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘तीन विसा आणि एक’. धुळे, नंदुरबार, जळगाव या बाजूंनी तापीच्या काठाकाठाने ही कुटुंबे येथे आली, मागांवर आणि कारखान्यांत कामाला लागली. त्यांची नातवंडे आता इंग्रजी व गुजराती शाळांत जातात. आजीची ही मोजणी ऐकून ती हसतात. ‘आजीला विसापुढे मोजता येत नाही,’ असे त्यांचे मत असते, आणि आजीही पुष्कळदा ते मान्य करून गप्प बसते.

हे हसणे द्वेषाचे नसते हे खरे; तथापि ते अज्ञानाचे असते. विसांनी मोजणे ही दहांनी मोजण्याची अपुरी प्रत नव्हे. ती स्वतंत्र, पूर्ण आणि काही बाबतींत अधिक बोलकी अशी रीत आहे. केवळ असे म्हणून भागणार नाही; ते दाखवून दिले पाहिजे. म्हणून या सप्ताहाच्या लेखात आपण एकच संख्या हाती घेऊ, ती विसांच्या पद्धतीने लिहू, आणि ती काय सांगते ते शांतपणे ऐकू. कागद व पेन्सिल जवळ असल्यास उत्तम. पाढे मात्र आठवले पाहिजेत.

प्रथम या रीतीचा विस्तार पाहू. मनुष्याच्या हातांस दहा बोटे आहेत. पायांचीही धरली म्हणजे वीस होतात. एवढ्या साध्या कारणामुळे जगाच्या परस्परांपासून फार दूर असलेल्या भागांत विसांची मोजणी रूढ झाली. आपल्या मराठीत ‘विसा’ आहे, ‘कोडी’ आहे. गुजरातीतही कोडी म्हणजे वीसच. सातपुड्यातील मेळघाटात राहणाऱ्या कोरकू लोकांच्या भाषेत दहाला ‘गेल’ आणि विसाला ‘ईसा’ म्हणतात, आणि त्यांची जुनी मोजणी विसांच्या टप्प्यांनी पुढे जाते. मेक्सिको व ग्वाटेमाला येथील प्राचीन माया लोकांनी तर ठिपका म्हणजे एक व आडवी रेघ म्हणजे पाच अशा खुणा योजून, शून्यासाठी निराळे चिन्ह करून, विसांच्या स्थानांची संपूर्ण अंकलेखनपद्धती निर्माण केली होती.

युरोपातही हिचे अवशेष आहेत. फ्रेंच भाषेत ऐंशीला आजही ‘चार विसा’ अशाच अर्थाचा शब्द आहे. पॅरिस शहरात नेत्ररोग्यांचे एक प्रसिद्ध रुग्णालय आहे, त्याचे नाव ‘कॅंझ-व्हॅं’, म्हणजे ‘पंधरा विसा’. फ्रान्सचा राजा संत लुई याने १२६० च्या सुमारास तीनशे अंध लोकांसाठी हा आश्रम स्थापन केला. पंधरा विसा म्हणजे तीनशे. सात शतकांहून अधिक काळ लोटला, राज्ये आली व गेली. परंतु ती मोजणी त्या दारावरील नावात तशीच टिकून आहे.

आणि आपल्या सुरतेचे काय? सतराव्या शतकात या बंदरातून जे कापड परदेशी जात असे त्याची मोजदाद ‘कोर्ज’ या मापाने होई. इंग्रजांच्या वखारीच्या पत्रव्यवहारात हा शब्द वारंवार येतो. पोर्तुगीज व्यापारी त्यालाच ‘कोर्जा’ म्हणत. एक कोर्ज म्हणजे वीस नग. ज्या शहराच्या कापडाने अर्ध्या जगाशी व्यवहार केला त्या शहराचे कापड विसांनी मोजले जात होते, हे आजीला हसणाऱ्या नातवाने ध्यानात ठेवावे.

परंतु कापड किंवा पापड मोजताना विसांची एकच पायरी लागते. दोन पायऱ्या पाहावयाच्या असतील तर शेतात गेले पाहिजे. आपल्याकडील जुने जमीनमापन असे होते: वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. येथे काठी म्हणजे चौरस काठी समजावयाची. शिवछत्रपतींच्या काळी अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जी मोजणी झाली, तीत काठीची लांबी पाच हात पाच मुठी धरली होती आणि वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद अशा चौरसाला बिघा म्हटले होते. वीस विसा चारशे. म्हणून एका बिघ्यात चारशे काठ्या. गुजरातेतही वीस वशांचा एक विघा होतो, आणि सुरतेच्या आसपास शेताचा भाव आजही विघ्यावरच बोलला जातो. बिघ्याचे प्रत्यक्ष माप प्रांतोप्रांती निराळे असले तरी विसांनी विभागण्याची रीत एकच आहे.

आता पाहा की काठी, पांड आणि बिघा ही तीन स्थाने मिळून अंकलेखनाची एक संपूर्ण पद्धती तयार झाली. शाळेत आपण एकक, दशक, शतक शिकतो. येथे एकक म्हणजे काठी, तिच्या वीसपट पांड, त्याच्या वीसपट बिघा. ९१ ही संख्या या पद्धतीने चार पांड अकरा काठ्या होते, कारण चार विसा ऐंशी आणि अकरा मिळून एक्याण्णव. १००० म्हणजे दोन बिघे, दहा पांड, शून्य काठ्या. प्रत्येक स्थानी शून्यापासून एकोणीसपर्यंत कोणताही आकडा येऊ शकतो. या लेखात यापुढे मी ‘विसांच्या पद्धतीने’ असे म्हणेन तेव्हा हेच लेखन समजावे.

आपण निवडलेली संख्या आता सांगतो. एक बिघा, एक पांड, एक काठी. म्हणजे चारशे, अधिक वीस, अधिक एक. एकूण ४२१ काठ्या. दशमान पद्धतीने तिच्यात चार, दोन, एक असे निरनिराळे अंक दिसतात. विसांच्या पद्धतीने ती एक-एक-एक अशी उभी राहते. माया लोकांच्या स्थानपद्धतीने लिहिली तर एकावर एक असे तीन ठिपके काढावे लागतील, दुसरे काही नाही. मात्र त्यांच्या पंचांगाच्या मोजणीत तिसरे स्थान चारशेचे नसून तीनशे साठचे असे. तो हिशेब येथे घ्यावयाचा नाही.

ही ४२१ मूळ संख्या आहे. मूळ संख्या म्हणजे काय हे शेतावरूनच समजून घेऊ. बारा काठ्यांचे शेत तीन काठ्या रुंद व चार काठ्या लांब असे आखता येते; दोन रुंद व सहा लांब असेही आखता येते. तेरा काठ्यांचे शेत आखावयाचे झाल्यास मात्र एक काठी रुंद आणि तेरा काठ्या लांब अशी अरुंद पट्टीच काढावी लागते. पूर्ण काठ्यांत दुसरा आयत होतच नाही. एक व ती स्वतः यांखेरीज जिला कोणीही निःशेष भागू शकत नाही अशी, एकाहून मोठी असलेली संख्या ती मूळ संख्या. ४२१ अशीच आहे. एवढे मोठे शेत, परंतु त्याचा आयत करावयाचा तर एक काठी रुंदीची चारशे एकवीस काठ्या लांब वाटच होते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. दशमान पद्धतीत १११ ही संख्या मूळ नाही. तीन गुणिले सदतीस म्हणजे १११. विसांच्या पद्धतीतील एक-एक-एक मात्र मूळ आहे. उलट दोन एकांचे पाहा. दशमान ११ मूळ आहे. परंतु एक पांड एक काठी म्हणजे २१, आणि ती तीन सत्ते एकवीस म्हणून मूळ नाही. म्हणजे लेखनातील रूप तेच, परंतु स्वभाव निराळा. आणि ४२१ च्या बाबतीत स्वभाव तोच, परंतु रूप निराळे. दहांनी मोजा, विसांनी मोजा, भिंतीवर कोळशाने एकेक रेघ ओढून मोजा; ४२१ रेघांचा समान रांगांचा चौकोन तुम्हांस मांडता येणार नाही. मूळ असणे हा संख्येचा गुण आहे, तिच्या पोशाखाचा नव्हे.

मग पोशाखाला काहीच महत्त्व नाही काय? आहे. संख्येचा स्वभाव पोशाखाने बदलत नाही. परंतु तो ओळखण्याच्या खुणा मात्र बदलतात. ज्या खुणा दहांच्या लेखनात झाकलेल्या राहतात त्यांतील काही विसांच्या लेखनात आपोआप पृष्ठभागावर येतात. हे तीन उदाहरणांनी स्पष्ट करतो.

पहिले उदाहरण भाग जाण्याच्या कसोट्यांचे. शाळेत आपण शिकलो की अंकांची बेरीज करून तीनचा किंवा नऊचा भाग जातो की नाही हे कळते. परंतु सातची सोपी कसोटी कोणी सांगितल्याचे फारसे आठवत नाही, कारण दहांच्या लेखनात ती सोपी नाहीच. विसांच्या लेखनात ती अगदी सोपी आहे. पांड म्हणजे वीस, म्हणजे एकवीसला एक कमी. बिघा म्हणजे चारशे. आणि एकोणीस गुणिले एकवीस तीनशे नव्व्याण्णव होतात, म्हणून बिघा त्याहून एकाने अधिक. तेव्हा काठ्यांतून पांड वजा करावे आणि बिघे मिळवावे. जे उरेल त्याला सातचा भाग जात असेल तर मूळ संख्येलाही जातो. तीनचा जात असेल तर तीनचाही जातो. एकवीसमध्ये तीनही आहे आणि सातही आहे, म्हणून एकाच वजाबाकीत दोन्ही कामे होतात.

एक्याण्णव घ्या. पुष्कळांस ती मूळ संख्या वाटते. विसांच्या पद्धतीने ती चार पांड अकरा काठ्या; अकरातून चार गेले, सात राहिले. झाले! एक्याण्णवला सातचा भाग जातो. सात तेरे एक्याण्णव. आपल्या आजीने ‘चार विसा आणि अकरा’ म्हटले त्याच क्षणी उत्तर तिच्या ओठांवर होते. ते ऐकणारा कान मात्र हवा होता.

एकोणीसची कसोटी याहूनही सोपी आहे. वीस म्हणजे एकोणीस आणि एक, म्हणून बिघे, पांड व काठ्या यांची केवळ बेरीज करावी. १३३ म्हणजे सहा पांड तेरा काठ्या. बेरीज एकोणीस, म्हणून एकोणीसचा भाग जातो. वजाबाकी सात, म्हणून सातचाही जातो. सात गुणिले एकोणीस म्हणजे १३३. दोन्ही अवयव लेखनातच लिहून ठेवल्यासारखे आहेत.

आता याच कसोट्या ४२१ ला लावू. एकवीस गुणिले एकवीस ४४१ होतात, म्हणजे ४२१ हून अधिक. ४२१ चे दोन अवयव पडत असतील तर त्यांतील एक तरी एकवीसहून लहान असला पाहिजे. म्हणून वीसपर्यंतच्या मूळ संख्याच तपासावयाच्या: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९. शेवटी एक काठी आहे, म्हणून दोनचा व पाचचा भाग जात नाही. एक वजा एक अधिक एक, म्हणजे एक उरला. म्हणून तीनचा व सातचा जात नाही. बेरीज तीन, म्हणून एकोणीसचा जात नाही. राहिले तीन भाजक. अकराने भागता तीन उरतात, तेराने भागता पाच उरतात, सतराने भागता तेरा उरतात. निकाल लागला: ४२१ मूळ आहे. आठ भाजकांपैकी पाचांचा निर्णय लेखनाकडे पाहूनच झाला.

दुसरे उदाहरण अधिक सुंदर आहे. दोन व पाच या दोन संख्या सोडल्या तर दहांच्या लेखनात मूळ संख्येचा शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ एवढाच असू शकतो. विसांच्या लेखनात अशी आठ दारे आहेत: शेवटच्या काठ्या १, ३, ७, ९, ११, १३, १७ किंवा १९. ही आठ दारे चार-चारांच्या दोन बाजूंत विभागली जातात, आणि ती विभागणी दहांच्या लेखनातील शेवटच्या अंकावरून कळू शकत नाही. ज्या मूळ संख्येच्या शेवटी १, ९, १३ किंवा १७ काठ्या येतात ती दोन पूर्ण वर्गांची बेरीज असतेच असते. ज्या संख्येच्या शेवटी ३, ७, ११ किंवा १९ येतात ती तशी कधीच नसते. २९ म्हणजे एक पांड नऊ काठ्या. ती चार व पंचवीस यांची बेरीज आहे. ३७ म्हणजे एक पांड सतरा काठ्या. ती एक व छत्तीस यांची. परंतु २३ किंवा ३१ घेऊन कितीही खटपट करा, दोन वर्ग मिळणार नाहीत.

याचे कारण असे की चारने भागून बाकी एक उरते की तीन, यावर हा गुण अवलंबून आहे. आणि विसाला चारचा भाग जात असल्यामुळे ती बाकी शेवटच्या काठ्यांवरूनच कळते. हा सिद्धान्त फ्रान्समधील न्यायाधीश व गणिती पिएर द फर्मा यांनी पॅरिसमधील मारें मेर्सेन यांना पत्राने कळविला. हे मेर्सेन मिनिम संघाचे संन्यासी होते; त्यांच्या मठातील खोलीतून साऱ्या युरोपातील विद्वानांचा पत्रव्यवहार चालत असे. पत्रावरील तारीख २५ डिसेंबर १६४० आहे. नाताळच्या दिवशी एका गृहस्थाने एका संन्याशाला पाठविलेली ती भेटच म्हणावयाची. पुढे सुमारे शंभर वर्षांनी ऑयलर यांनी या सिद्धान्ताची सिद्धता दिली.

आपल्या ४२१ च्या शेवटी एक काठी आहे; म्हणून तिचे दोन वर्ग असलेच पाहिजेत. चौदाचा वर्ग १९६, पंधराचा वर्ग २२५, बेरीज ४२१. मूळ संख्येचे असे दोन वर्ग एकाच प्रकारे पडतात, दुसऱ्या प्रकारे नाही. म्हणजे ज्या शेताचा एकही धड आयत होत नव्हता, त्याचे दोन सुबक चौरस मात्र होतात: एकाची बाजू चौदा काठ्या, दुसऱ्याची पंधरा.

तिसरे उदाहरण आपल्याच एका गणितप्रेमी शिक्षकाकडे नेते. सुरतेहून मुंबईला जाताना वाटेत डहाणू लागते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी त्या डहाणूत झाला. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळाली येथे शाळाशिक्षकाची नोकरी केली आणि १९८६ मध्ये ते निवर्तले. मोठे पद नाही, परंतु संख्यांशी त्यांची अशी मैत्री होती की आज जगभरचे गणिती त्यांचे नाव घेतात. ‘डेम्लो संख्या’ असे नाव देऊन त्यांनी ज्यांचा अभ्यास केला, त्यांतील काही अशा: अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा वर्ग १२३२१. एकांची रांग जितकी लांब तितका वर्ग एक शिखर चढून खाली उतरतो.

विसांच्या लेखनातही हेच घडते. एक पांड एक काठीचा वर्ग ४४१, म्हणजे एक बिघा, दोन पांड, एक काठी. आणि आपल्या ४२१ चा वर्ग १७७२४१. तो विसांच्या पाच स्थानांत लिहिला तर एक, दोन, तीन, दोन, एक असाच येतो. दहांच्या लेखनात हे शिखर नवापर्यंत चढू शकते. विसांच्या लेखनात एकोणीसपर्यंत.

परंतु कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध निराळ्या जातीचा आहे. चार अंकांची कोणतीही संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा, आणि हेच पुनःपुन्हा करा. अधिकात अधिक सात वजाबाक्यांत ६१७४ येते व तेथेच थांबते. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर सातव्या वजाबाकीत ६१७४ हाती लागते. वाचकांनी करून पाहावे. १९४९ मध्ये मद्रास येथील गणितपरिषदेत त्यांनी हे मांडले. हे नवल दहांच्या लेखनाचे आहे. ६१७४ विसांच्या पद्धतीने लिहिली तर पंधरा बिघे, आठ पांड, चौदा काठ्या अशी तीनच स्थानांत मावते, आणि तेथे ही क्रिया तिला तिच्याकडे परत आणीत नाही. म्हणजे काही गुण पोशाखाचे असतात, काही अंगभूत असतात. दोन्हींत आनंद आहे. परंतु कोणता कोठला हे ओळखणे यातच शहाणपण आहे.

आता हे सर्व केवळ कागदावरचे खेळ आहेत काय, असे कोणी विचारील. म्हणून पुन्हा शेतावर जाऊ. एका बापामागे एक बिघा, एक पांड, एक काठी एवढी जमीन राहिली अशी कल्पना करा. दोन मुलगे असतील तर प्रत्येकी २१० काठ्या; उरली एक. तीन असतील तर १४०, उरली एक. चारांत १०५, पाचांत ८४, सहांत ७०, सातांत ६०. आणि दर खेपेस उरते ती नेमकी एकच काठी. भाऊ दोन असोत की सात असोत, वाटणी अगदी जुळत येते आणि त्या एका काठीशी येऊन अडते.

खऱ्या वाटणीत जमिनीचा सरसनिरसपणा पाहावा लागतो, विहीर कोणाकडे व वाट कोणाकडे हे पाहावे लागते, हे मला ठाऊक आहे. काठीचेही तुकडे पाडता येतात. परंतु मग माप बदलले, आणि नव्या मापातही कोठेतरी काही उरतेच. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या खेड्यांत बांध कोरले गेले ते बहुधा या एका काठीसाठी. बिघ्यावरून भाऊ भांडले नाहीत. बिघा वाटून झाला होता. हातभर जमिनीसाठी दोन घरांचे येणेजाणे बंद झाले, वकिलांच्या घरी जमिनीच्या किमतीहून अधिक पैसा गेला, आणि शेवटी आईच्या अंत्यविधीला सख्खे भाऊ दोन टोकांना उभे राहिले. असे प्रसंग वाचकांनीही पाहिले असतील. नावे सांगण्याची आवश्यकता नाही.

४२१ ला दोनचा भाग जात नाही, यात कोणाचा दोष नाही. तलाठ्याचा नाही, मोजणीदाराचा नाही, मोठ्या भावाचा नाही. तो त्या संख्येचा स्वभाव आहे, आणि दहांनी मोजून किंवा विसांनी मोजून तो पालटणार नाही. जेथे गणित संपते तेथे मनुष्याला काही करावे लागते. ती उरलेली काठी कोणी एकाने सोडून द्यावी, किंवा सर्वांच्या वाटेसाठी, विहिरीसाठी, एखाद्या झाडासाठी सामाईक ठेवावी. निःशेष भागाकार हा पुष्कळदा अंकांनी होत नाही, तो सोडून देण्याने होतो.

याच्या उलट एक गंमत सांगतो. वीस बिघ्यांना एक काठी कमी, म्हणजे ७९९९ काठ्या, एवढी जमीन घ्या. ती एकोणीस जणांत तंतोतंत वाटली जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्यास काय येते? एक बिघा, एक पांड, एक काठी. ७९९९ म्हणजे एकोणीस गुणिले ४२१. पूर्ण वीस बिघे असते तर एकोणीस जणांत ती एक काठी पुन्हा भांडणाला उरली असती. ती आधीच कोणी सोडली, म्हणून सर्वांची वाटणी सुरळीत झाली.

पुढील सप्ताहापर्यंत वाचकांच्या मुलांसाठी एक प्रश्न देऊन ठेवतो. एक बिघा, शून्य पांड, एक काठी, म्हणजे ४०१, ही मूळ आहे काय? असल्यास तिचे दोन वर्ग कोणते? कसोट्या वर दिल्याच आहेत. दुसऱ्या भागाचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागणार नाही; बिघा हा कसला चौरस होता एवढे आठवले म्हणजे पुरे.

आणि मुलांनी हा प्रश्न सोडविताना कागद घेऊन आजीजवळ बसावे. तिला एवढेच विचारावे की, ‘आजी, एकशे एकोणीस म्हणजे किती विसा?’ ती म्हणेल, ‘पाच विसा आणि एकोणीस.’ मग एकोणीसातून पाच वजा करावे, चौदा येतील, आणि एकशे एकोणीसला सातचा भाग जातो हे तिला सांगावे. तिला हे ठाऊक नसेल. परंतु ज्या मोजणीने ते कळले ती तिची आहे, हेही तिला सांगावयास विसरू नये.